शहराचं पहिलं बजेट आणि आपण बाया

(मराठवाड्यातल्या महिला गटांच्या परभणी येथील अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल आपण दिवसभर हिंसाचाराच्या केसेसवर बोललो. आज सकाळी मला बजेटवर बोलायला उभं केलंय. चहाच्या वेळी एकजण म्हणालीच, "ताई, बजेट म्हटलं की झोप येते." येणारच. ते झोप यावी अशाच भाषेत लिहिलेलं असतं. तरी पाऊण तास जाग्या राहा अशी विनंती आहे. कारण काल ज्या गोष्टींवर आपण चिडलो, त्यांतल्या कितीतरी गोष्टींची मुळं त्या कंटाळवाण्या कागदात आहेत. पहाटे अंधारात शौचाला गेलेल्या पोरीची कुणी वाट अडवली, ही पोलिसांकडे न्यायची केस आहेच. पण त्या वस्तीत संडास का नाही आणि खांबावर दिवा का नाही, ही बजेटची केस आहे.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. जे सांगणार आहे ते चुकत चुकत शिकले आहे. पहिली चूक आमचीच होती. तिच्यापासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या ज्या शहरात काम करत होते, तिथे नगरपरिषदेची नुकतीच महानगरपालिका झाली होती. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की गोष्ट त्या एका शहराच्या उखाळ्यापाखाळ्यांची होते आणि बाकीची शहरं सुटतात. तर महानगरपालिका झाली म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले. आम्ही मंडळाच्या बायांनीही ठरवलं, की पहिलं बजेट होतंय, आपण निवेदन द्यायचं. निवेदन मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. मागण्या काय? गरजू महिलांना शिलाई मशीन, मेंदी आणि ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण, महिला दिनाला हळदीकुंकू आणि सत्कार यासाठी निधी. हसू नका. तुमच्यापैकी अनेकींच्या फायलीत असं निवेदन निघेल.

सह्या घ्यायला आम्ही भाजीबाजारात गेलो. मेथी-पालक विकणाऱ्या एका मावशीपुढे कागद धरला. तिनं वाचून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. ती म्हणाली, "मशीन घेऊन काय करू माय? दिवस उगवायला इथं येऊन बसते ती दिवे लागंस्तोवर. लघवीला जायला जागा नाही. म्हणून दुपारपर्यंत पाणीच पीत नाही मी. हे लिवलंय का तुझ्या कागदात?" नव्हतं लिहिलं. मावशीनं अंगठा दिला नाही. आम्ही कागद घडी करून परत आलो.

मैत्रिणींनो, त्या मावशीनं मला बजेटचा पहिला धडा दिला. तो असा, की शहर जो खर्च करत नाही, तो खर्च नाहीसा होत नाही. तो कुणीतरी दुसऱ्या रूपात भरतं. बाजारात मुतारी न बांधून शहरानं पैसे वाचवले, ते मावशीनं आपल्या मूत्राशयातून भरले. आज मला खरं तर एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचा हिशेब आहे.

रिकाम्या खुर्च्यांचं बजेट

आता आपल्या भागातल्या शहरांचा इतिहास पाहू. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथे १९८२ साली महानगरपालिका झाली. पहिली निवडणूक झाली १९८८ साली. परभणीची महानगरपालिका १ नोव्हेंबर २०११ ला झाली. त्याच्या आगेमागेच लातूरची झाली. दोन्हीकडे पहिली निवडणूक एप्रिल २०१२ मध्ये. जालन्याची महानगरपालिका झाली २०२३ साली आणि पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये.

या तारखा सांगण्याचं कारण काय? आर्थिक वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. म्हणजे परभणीच्या पहिल्या पूर्ण वर्षाचं, २०१२-१३ चं, बजेट करायची वेळ आली तेव्हा सभागृहात निवडून आलेलं एकही माणूस नव्हतं. जालन्यात तर अशी वेळ एकदा नाही, ओळीनं आली. औरंगाबादनं पाचाहून जास्त वर्षं अशीच काढली. नव्या शहराचं पहिलं बजेट रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं, ही आपल्याकडची रीतच पडली आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात. त्यात बजेटच्या तीन पायऱ्या आहेत. आयुक्त अंदाज तयार करतो. तो स्थायी समितीपुढे जातो, तिथे १६ सदस्य त्यात दुरुस्त्या करतात. मग ते सर्वसाधारण सभेत येतं, तिथे चर्चा होऊन मंजूर होतं. निवडून आलेली मंडळी नसतात तेव्हा प्रशासक असतो आणि या तिन्ही पायऱ्या तो एकटाच चढतो. मुलीकडचा, मुलाकडचा आणि भटजी असा एकच माणूस उभा राहिल्यावर लग्न झटपट लागतं खरं, पण मुलीला कुणी विचारत नाही.

परभणीच्या वाट्याला हे दुसऱ्यांदाही आलं. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली बजेटं प्रशासकाच्या सहीनं झाली. महाराष्ट्रानं २०११ साली स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण दिलं. परभणीच्या ६५ जागांत निम्म्या बाया येतात. मीना वरपुडकर आणि अनिता सोनकांबळे या परभणीच्या महापौरही झाल्या. हे मोठंच पाऊल आहे, त्यासाठी आपल्या आधीच्या बाया भांडल्या आहेत. पण जिथे सभागृहच नाही तिथे निम्मं आरक्षण म्हणजे शून्याचं निम्मं.

म्हणून मी कार्यकर्त्यांना सांगते, "निवडणूक होऊ द्या, मग आपल्या नगरसेविकेकडे जाऊ," असं म्हणून थांबू नका. तोवर पहिलं बजेट होऊन गेलेलं असतं.

पहिल्या वर्षाचं एवढं काय?

बजेटचं पुस्तक हातात घेतलं की त्यात उभे रकाने दिसतात. डावीकडे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं नाव. मग मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला ते. मग चालू वर्षासाठी किती मंजूर होते. मग चालू वर्षाचा सुधारित आकडा. आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. लेखा विभागातला कारकून पुढचा आकडा कसा काढतो? मागच्या आकड्याकडे बघून. रस्ते दुरुस्तीला गेल्या वर्षी इतके होते, या वर्षी थोडे वाढवून इतके. फुलदाण्या आणि सत्काराला इतके होते, यंदाही तितके. ज्या गोष्टीचं नाव डावीकडच्या रकान्यात नाहीच, तिच्यासमोर आकडा कसा येणार?

नगरपरिषदेची महानगरपालिका होते तेव्हा वह्या बदलतात, खाती नव्यानं उघडतात, विभाग नव्यानं पडतात. घर बांधताना मोरी कुठे, चूल कुठे हे ठरतं, तसे हे दिवस असतात. त्या वेळी ज्याचं शीर्ष उघडलं ते वर्षानुवर्षं आपोआप पुढे चालतं. ज्याचं राहिलं त्याला नंतर भिंत फोडून जागा करावी लागते. म्हणून पहिलं बजेट महत्त्वाचं. आकडा लहान असला तरी चालेल, नाव चढलं पाहिजे.

आपल्यापैकी ज्या जुन्या शहरांतून आल्या आहेत त्यांनी निराश होऊ नये. भिंत फोडता येते. फक्त घाम जास्त गाळावा लागतो.

जमा आणि खर्च

आता पैसे येतात कुठून? घरपट्टी म्हणजे मालमत्ता कर. पाणीपट्टी. गाळ्यांचं भाडं, बाजार फी. बांधकाम परवानगीचं शुल्क. आणि सरकारचं अनुदान. पूर्वी जकात होती. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली आणि तिच्या बदल्यात सरकार अनुदान देऊ लागलं. मग महानगरपालिकांमध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. त्याविरुद्ध २०१३ साली राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, ते तुम्हाला आठवत असेल. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही गेला. त्याची भरपाई सरकार देतं. म्हणजे बघा, आपल्यासारख्या शहरांच्या हातात स्वतःचं असं उत्पन्न घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढंच मोठं राहिलं. बाकी सरकारच्या तोंडाकडे बघायचं.

परभणीसारखं शहर तर उंबरठ्यावरच मोठं झालं. महानगरपालिकेला तीन लाख लोकसंख्या लागते आणि २०११ च्या जनगणनेत परभणी तीन लाखांच्या जेमतेम वर गेली. पाटी बदलली म्हणून एका रात्रीत कारखाने येत नाहीत आणि घरपट्टीही वाढत नाही. नोकर तेच, त्यांची थकबाकी तीच, वीजबिल तेच. येलदरी धरणातून पाणी आणायची योजना नगरपरिषदेच्या काळात हाती घेतली होती, तिचं ओझंही नव्या संस्थेच्या डोक्यावर आलं.

खर्चाचं साधं गणित सांगते. समजा शहराकडे १०० रुपये आले. पगार आणि पेन्शन आधी. मग पाण्याच्या पंपांचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल. मग कर्जाचा हप्ता. याला बांधील खर्च म्हणतात. हे सगळं जाऊन समजा २० रुपये उरले. खरी भांडणं त्या २० रुपयांवर असतात. तिथे ठेकेदार उभा असतो, प्रभागातला वजनदार माणूस उभा असतो. भाजीवाली मावशी उभी नसते, कारण ती बाजारात बसलेली असते.

आपल्याला सभासमारंभात गोड गोड सांगतात, की बाईला घरचं बजेट कळतं म्हणून शहराचंही कळेल. मला हे कौतुक नको वाटतं. घरात आपण काय करतो? जे उरेल त्यात भागवतो आणि नाही भागलं तर स्वतःच्या ताटातलं कमी करतो. शहराचं बजेट असं वाचायला लागलो तर तिथेही आपण आपलंच ताट कमी करून घेऊ. "पैसेच नाहीत हो ताई," असं साहेब म्हणाले की आपण मान डोलावून उठू. तेव्हा घरातली सवय घरी ठेवून यायचं. पैसे किती आहेत हा दुसरा प्रश्न. आधी विचारायचं, की आहेत त्यात कुणाचं भागवायचं नाही असं तुम्ही ठरवलंत?

आमची पाण्याची वही

मावशीनं हाकलून दिल्यावर आम्ही नवीन निवेदन लिहिण्याआधी एक वही घातली. एका गल्लीतली १२ घरं. १५ दिवस. नळाला पाणी कधी आलं, कुणी भरलं, किती वेळ गेला, विकत पाणी घेतलं तर किती रुपयांचं, एवढंच लिहायचं. लिहिता येणाऱ्या दोन पोरी दररोज संध्याकाळी फिरायच्या.

वहीत काय निघालं? बारा घरांत पाणी भरणारा पुरुष एकच निघाला आणि तो विधुर होता. पाणी येण्याची वेळ ठरलेली नसल्यानं धुणीभांडी करणाऱ्या दोघींचे खाडे पडले आणि पैसे कापले गेले. एका घरातली सातवीतली पोरगी पाण्याच्या दिवशी शाळेला जायची नाही. पाणीपट्टी सगळ्यांनी भरली होती, शिवाय टँकरचे आणि जारचे पैसे वेगळे. ते पैसे बहुतेक घरांत बाईच्या कमाईतून गेले, कारण "पाणी हे तुमचं खातं."

परभणीच्या मैत्रिणींना हे नवीन नाही. पूर्णा नदीवरच्या राहटी बंधाऱ्यातलं पाणी आटलं, की नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे त्या बोटांवर सांगतील. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या रेल्वेचे फोटो देशभर छापून आले. पण स्टेशनापासून माजघरापर्यंत ते पाणी कुणाच्या डोक्यावरून गेलं, हा आकडा कुठल्याही बजेटात नाही.

ती वही घेऊन आम्ही गेलो तेव्हा पहिल्यांदा समोरच्या माणसानं पेन खाली ठेवून ऐकलं. घोषणेला उत्तर देता येतं. वहीला देणं जड जातं.

५ टक्क्यांचं काय होतं?

आता महिला व बालकल्याणाच्या ५ टक्क्यांविषयी. शासनाच्या आदेशाप्रमाणे एवढा निधी राखून ठेवायचा असतो. आपल्या बऱ्याच गटांचं बजेटचं ज्ञान इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. माझे त्याबद्दल तीन मुद्दे आहेत.

पहिला. ५ टक्के कशाचे? बजेटच्या एकूण आकड्याचे, महसुली उत्पन्नाचे, की बांधील खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे? आधार बदलला की रक्कम कुठल्या कुठे जाते. म्हणून टक्का विचारू नका, रक्कम कशी काढली ते कागदावर मागा.

दुसरा. खर्च कशावर? १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ मध्ये महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत आणि कलम ६६ मध्ये मर्जीनं करायची कामं. पाणीपुरवठा, गटारं, दिवाबत्ती, सार्वजनिक संडास आणि मुताऱ्या हे सगळं ६३ मध्ये आहे, म्हणजे करायलाच हवं. आम्ही बायकांसाठी मुतारी मागितली तेव्हा सांगण्यात आलं, "ठीक आहे, तुमच्या ५ टक्क्यांतून बांधू." आम्ही खूश होणार होतो. मग आमच्यातली एक तरुण वकील म्हणाली, "थांबा. पुरुषांची मुतारी कशातून बांधली?" ती बांधली होती सर्वसाधारण निधीतून. म्हणजे पुरुष हा नागरिक आणि बाई ही कल्याणाची बाब! हे लक्षात ठेवा. ५ टक्के हे वरचे आहेत. उरलेल्या ९५ टक्क्यांतही आपला वाटा आहे आणि तोच मोठा आहे.

तिसरा. मंजूर झालं म्हणजे झालं नाही. आमच्या त्या शहरात महिला मुतारीचं शीर्ष उघडलं, तरतूदही पडली. आम्ही साखर वाटली. पुढच्या वर्षी पुस्तक पाहिलं तर सुधारित आकड्याच्या रकान्यात शून्य. पैसे मधल्या काळात दुसऱ्या शीर्षाकडे वळवले होते. आम्हाला पत्ताही नव्हता, कारण वर्षभर आम्ही विचारायलाच गेलो नव्हतो. त्यानंतर आम्ही दर तीन महिन्यांनी जाऊ लागलो. तिसऱ्या वर्षी मुतारी बांधून झाली. मग तिला कुलूप! का? बांधकाम हा भांडवली खर्च, तो झाला. पण पाणी, सफाई, राखण करणाऱ्या बाईचा पगार हा महसुली खर्च, त्याचं शीर्षच नव्हतं. इमारतीसाठी भांडलो, झाडूसाठी भांडायचं राहिलं. ते भांडण पुढचं वर्षभर चाललं. कुलूप निघालं तेव्हा मावशी पहिल्यांदा आत जाऊन आली आणि म्हणाली, "आता दे तुझा कागद, कुठं अंगठा द्यायचा?" मी म्हटलं, "मावशी, आता लागत नाही." ती म्हणाली, "लागंल. बाजाराच्या त्या टोकाला अजून नाही."

दुसरीकडे काय झालं

हे वेड फक्त आपल्याला लागलेलं नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये वस्त्यांच्या सभा घेऊन बजेट ठरवायला सुरुवात केली. केरळात १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि स्थानिक संस्थांच्या योजनेतला १० टक्के भाग बायकांसाठी राखला गेला. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला लागले. मुंबईत २०११ च्या सुमारास संघटनांनी बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' मोहीम काढली. केंद्र सरकारनं २००५-०६ पासून बायकांसाठी किती खर्च होतो याचं वेगळं पत्रक बजेटसोबत द्यायला सुरुवात केली.

यातलं कुठलंच काम परिपूर्ण नाही. केरळातही पहिल्या वर्षांत बायकांच्या भागातून शिलाईचे वर्गच निघाल्याच्या तक्रारी होत्या. पण एक गोष्ट सगळीकडे दिसली. बजेट होण्याच्या आधी लोक बोलले तिथे फरक पडला. झाल्यावर बोलले तिथे निषेध झाला आणि चहा झाला.

आणखी एक उपयोगाची माहिती. १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांच्या आतल्या शहरांना दिलेल्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिले होते. दुसरीकडे वळवायची सोय नाही. परभणी, जालना, लातूर, नांदेड ही सगळी त्यात येतात. ते पैसे कुठल्या वस्तीत गेले हे विचारायचा आपला हक्क आहे. माहिती अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला १० रुपये लागतात. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे बजेट तर कुणी न मागताही जाहीर करायचं असतं.

कामाची वाटणी

शेवटी, इथून उठताना काय घेऊन जायचं ते सांगते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वही घाला. पाणी, संडास, दिवे, बाजार, पाळणाघर, काहीही एक विषय घ्या. दहा-बारा घरं पुरेत. दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, भटक्यांची पालं इथल्या बाया वहीत आल्याच पाहिजेत. आपल्या गल्लीतलं मोजून सगळ्या बायकांच्या नावानं निवेदन देण्याची चूक आपण पुष्कळ केली आहे.

डिसेंबरमध्ये मागच्या बजेटचं पुस्तक मिळवा. आपल्या विषयाचं शीर्ष आहे का, ते शोधा. असेल तर मंजूर आणि प्रत्यक्ष हे दोन आकडे शेजारी मांडा. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तुमचं भाषण.

जानेवारीत आयुक्तांकडे जा. प्रशासक असो की सभागृह असो, अंदाज याच सुमारास कागदावर उतरत असतात. करांचे दर ठरवण्यासाठी कायद्यात २० फेब्रुवारी ही तारीख आहे. पाणीपट्टी वाढणार असेल तर ती त्याआधी कळली पाहिजे.

मार्चमध्ये चर्चा होते तेव्हा प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसा. काही बोलायची गरज नाही. दहा बाया वह्या घेऊन नुसत्या बसल्या तरी खाली बसलेल्यांची मान वर होते. आता आपल्या महानगरपालिकांत निवडून आलेल्या बाया पुन्हा बसल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी पहिल्यांदाच आल्या आहेत आणि बजेटचं पुस्तक त्यांनाही तेवढंच जड आहे. त्यांच्यावर हसू नका, नवऱ्याच्या नावानं त्यांना टोमणे मारू नका. त्यांच्या शेजारी बसून रकाने वाचा.

आणि एप्रिलपासून दर तीन महिन्यांनी एकदा चक्कर मारा. पैसे वळवले जातात ते आपण घरी असतो तेव्हा.

एवढं सगळं करून काय मिळेल? पहिल्या वर्षी कदाचित एक ओळ मिळेल. डावीकडच्या रकान्यात एक नाव आणि पुढे एक हजारी आकडा. बाहेरच्याला ती ओळ दिसणारही नाही. पण ती ओळ नसते तेव्हा तिची रक्कम कुणीतरी उपाशी राहून, तहानलेली राहून, शाळा बुडवून भरत असते. त्या भरणारीचं नाव कुठल्या पावतीवर येत नाही.

मावशीला मी तेव्हा म्हटलं होतं, की कागद आता लागत नाही. माझं चुकलं होतं. बाजाराच्या दुसऱ्या टोकासाठी नवीन कागद लिहायला घेतला आहे. जेवणानंतर गटचर्चेत तुम्ही तुमच्या शहराचा लिहायला घ्या. कागद मी आणलेत, पेन आपापलं काढा.